विषम परिपूर्ण संख्येचा मागोवा

६ या संख्येला स्वतःखेरीज १, २ आणि ३ यांनी निःशेष भाग जातो. या तिन्हींची बेरीज पुन्हा ६. २८ चे स्वतःखेरीज विभाजक १, २, ४, ७ आणि १४. त्यांची बेरीज २८. ज्या संख्येच्या अशा विभाजकांची बेरीज त्या संख्येइतकीच भरते, तिला परिपूर्ण संख्या म्हणतात. बेरीज जास्त भरली तर ती विपुल आणि कमी पडली तर न्यून. सहावी-सातवीतल्या मुलाला एवढं कळायला फारसा वेळ लागत नाही. आणि एवढं कळलं की तो एक प्रश्न विचारू शकतो. आजवर सापडलेली प्रत्येक परिपूर्ण संख्या सम आहे. मग विषम परिपूर्ण संख्या असते का?

याचं उत्तर आज जगात कुणालाही माहीत नाही.

सामान्य वाचकाला कळणारे आणि तरीही न सुटलेले प्रश्न गणितात आणखीही आहेत. दोनापेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते का, हा गोल्डबाखचा १७४२ सालचा प्रश्न. ११ आणि १३, १७ आणि १९ अशा जोडमूळ संख्या कधी संपतात का, हा आणखी एक. पण परिपूर्ण संख्यांच्या प्रश्नाइतकी लांब वंशावळ त्यांपैकी कुणालाच नाही. ती चाळताना एक गोष्ट वारंवार दिसते. चार उदाहरणं जुळली की माणूस नियम सांगून मोकळा होतो आणि पाचवं उदाहरण तो नियम मोडतं. गणित सिद्धतेचा एवढा हट्ट का धरतं, हे समजून घ्यायला या इतिहासाइतकी चांगली जागा मला दुसरी दिसत नाही.

मूळ पुरुष युक्लिड. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास लिहिलेल्या ‘एलिमेंट्स’च्या नवव्या खंडात ३६ वं प्रमेय आहे. १ पासून सुरू करा, दर वेळी दुप्पट करा आणि बेरीज घेत चला. बेरीज मूळ संख्या आली की तिला शेवटच्या पदाने गुणा. गुणाकार परिपूर्ण असणारच. १ अधिक २ म्हणजे ३, ही मूळ संख्या. ३ गुणिले २ बरोबर ६. त्यात ४ मिळवले की ७. ७ गुणिले ४ बरोबर २८. पुढची बेरीज १५, ती मूळ नाही, सोडून द्या. मग ३१. ३१ गुणिले १६ बरोबर ४९६. पुढे ६३ सोडा आणि १२७ घ्या. १२७ गुणिले ६४ बरोबर ८१२८. युक्लिडने ही उदाहरणं जुळवून दाखवली नाहीत. अशी रीत वापरली तर परिपूर्ण संख्याच मिळते, याची त्याने सिद्धता दिली. मात्र परिपूर्ण संख्या फक्त याच रीतीने मिळतात का, याविषयी त्याने काही म्हटलेलं नाही. विषम परिपूर्ण संख्येचा प्रश्न त्या मोकळ्या जागेत जन्मला.

इसवी सन १०० च्या सुमारास गेरासाच्या, म्हणजे आजच्या जॉर्डनमधल्या जेराशच्या, निकोमाकसने अंकगणितावर एक पुस्तक लिहिलं. त्याच्यापुढे चारच परिपूर्ण संख्या होत्या: ६, २८, ४९६ आणि ८१२८. एक एकअंकी, एक दोनअंकी, एक तीनअंकी, एक चारअंकी. शेवटचा अंक आळीपाळीने ६ आणि ८. त्यावरून समजूत रुजली की प्रत्येक अंकसंख्येला एकेकच परिपूर्ण संख्या असणार आणि ६ व ८ ची पाळी कधी चुकणार नाही. निकोमाकसने सिद्धता दिली नव्हती. बोएथियसने त्याचं अंकगणित लॅटिनमध्ये आणलं आणि पुढची अनेक शतकं युरोपातल्या विद्यार्थ्यांनी तेच गिरवलं. संत ऑगस्टीनने तर ६ च्या परिपूर्णतेचा संबंध सहा दिवसांच्या सृष्टिनिर्मितीशी जोडला. परिपूर्ण संख्येभोवती असं पावित्र्य जमा झाल्यावर तपासून पाहण्याची निकड उरली नाही.

तपासणी झाली ती दुसरीकडे. अरबी भाषेत लिहिणाऱ्या गणितज्ञांनी या संख्यांकडे हिशेबाच्या नजरेने पाहिलं. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला इब्न अल-हैथमने युक्लिडच्या प्रमेयाची उलट बाजू, म्हणजे सम परिपूर्ण संख्या त्याच साच्याची असते हे, सिद्ध करायचा प्रयत्न केला. तो पूर्णत्वाला गेला नाही, पण नेमका प्रश्न विचारला गेला. ११९४ साली जन्मलेल्या इब्न फल्लूसने दहा परिपूर्ण संख्यांची यादी दिली. त्यातल्या पहिल्या सात बरोबर होत्या. पाचवी ३,३५,५०,३३६. ती आठ अंकी, म्हणजे पाच, सहा आणि सात अंकी परिपूर्ण संख्या नाहीतच. सहावी ८,५८,९८,६९,०५६. तिच्याही शेवटी ६, म्हणजे पाळीही मोडली. युरोपला हे बऱ्याच उशिरा आणि स्वतःच्या वाटेने कळलं.

आणखी एक समज असाच कोसळला. युक्लिडच्या त्या बेरजा म्हणजे २ च्या एखाद्या घातातून १ वजा केलेल्या संख्या. ३, ७, ३१, १२७ इथे घातांक आहेत २, ३, ५, ७, म्हणजे सगळे मूळ. मग घातांक मूळ असला की वजाबाकीही मूळच येणार, असं वाटणं स्वाभाविक आहे. १५३६ साली रेगियसने दाखवलं की पुढचाच मूळ घातांक ११ घेतला तर २०४७ येतात आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. चार उदाहरणांवर उभा राहिलेला आणखी एक नियम पाचव्याला पडला. बोलोन्याच्या पिएत्रो कातालदीने १७ आणि १९ हे घातांक नेटाने तपासले, मूळ संख्यांच्या यादीने एकेक भाग देऊन पाहिला आणि सहावी व सातवी परिपूर्ण संख्या पक्की केली. पण मग २३, २९, ३१ आणि ३७ हे घातांकही चालतील, असं त्याने जाहीर करून टाकलं. त्यातला फक्त ३१ बरोबर होता.

१६४० साली पिएर द फर्माने यातले दोन दावे मोडले. व्यवसायाने तो तुलूझच्या न्यायालयात होता, गणित त्याचा छंद. त्याने एक नियम शोधला. घातांक विषम मूळ संख्या असेल, तर २ च्या त्या घातातून १ वजा केल्यावर येणाऱ्या संख्येच्या प्रत्येक मूळ अवयवाला घातांकाच्या दुपटीने भागलं की बाकी १ च उरते. घातांक ३७ असेल तर ७४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या मूळ संख्याच तपासायच्या. पहिली १४९, ती जात नाही. दुसरी २२३, ती जाते. संपलं. घातांक २३ साठी तर पहिलाच उमेदवार ४७ लागू पडतो. परिपूर्ण संख्यांच्या या शोधातूनच त्याच वर्षी, आज ‘फर्माचं छोटं प्रमेय’ म्हणून ओळखलं जाणारं प्रमेय पुढे आलं. ऑयलरने नंतर ते व्यापक केलं. इंटरनेटवरचे व्यवहार गुप्त ठेवणारी आरएसए ही कूटपद्धती या प्रमेयांवर उभी आहे. ज्या शोधाचा व्यवहारात काही उपयोग होईल असं कुणालाही वाटलं नसतं, त्याने दिलेलं हे देणं आहे.

फर्माने हे सगळं पत्रांतून कळवलं होतं. ती पत्रं ज्या माणसाभोवती फिरत होती तो मारँ मर्सेन पॅरिसमधला धर्मोपदेशक. युरोपातले गणितज्ञ एकमेकांना लिहायचे ते बहुधा त्याच्यामार्फत. १६४४ साली त्याने २५७ पर्यंतच्या चालणाऱ्या घातांकांची यादी छापली. त्या यादीत पाच चुका होत्या. ६७ आणि २५७ चुकून आले होते, ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. यादी पूर्ण तपासून व्हायला १९४७ साल उजाडलं. तरीही या जातीच्या मूळ संख्यांना आज मर्सेनचंच नाव आहे, आणि मला ते योग्य वाटतं. चुकीची असली तरी ती यादी तपासता येण्यासारखी होती आणि तीनशे वर्षं लोकांनी ती तपासली.

विषम संख्येचा प्रश्न स्पष्ट शब्दांत दिसतो तो याच मर्सेनला आलेल्या एका पत्रात. १६३८ साली रने देकार्तने त्याला लिहिलं की सम परिपूर्ण संख्या युक्लिडच्याच साच्यातल्या असतात हे सिद्ध करता येईल असं त्याला वाटतं, पण विषम परिपूर्ण संख्या असू नये याचं कारण त्याला दिसत नाही. पुरावा म्हणून त्याने एक विलक्षण संख्या पुढे केली: १९८,५८,५५,७६,१८९. ही म्हणजे ३, ७, ११ आणि १३ यांच्या वर्गांच्या गुणाकाराला २२०२१ ने गुणून येणारी संख्या. विभाजकांची बेरीज करायच्या नेहमीच्या सूत्रात २२०२१ ला मूळ संख्या मानून चाललं, तर स्वतःसकट सर्व विभाजकांची बेरीज बरोबर दुप्पट भरते. संख्या विषम आहे आणि परिपूर्णही ठरते. अडचण एवढीच की २२०२१ मूळ नाही. ती १९ चा वर्ग गुणिले ६१ आहे. एका अवयवाने सगळं बिघडवलं. ज्याला गुणाकार येतो तो कागद-पेन्सिल घेऊन हे पडताळू शकतो. मी प्रत्येकाला ते करून पाहा म्हणेन, कारण इतक्या जवळ येऊन हुकलेली संख्या पाहिल्यावर हा प्रश्न दुरून पाहायचा राहत नाही. अलीकडे अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात पेस नील्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी संगणकाच्या मदतीने अशा आणखी बनावट संख्या शोधल्या. बनावट संख्या कुठल्या नियमांनी बांधलेल्या असतात हे कळलं, तर खऱ्या विषम परिपूर्ण संख्येची शक्यता त्याच नियमांनी मोडून काढता येईल, ही त्यामागची आशा.

अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलरने वंशावळीच्या दोन्ही शाखांना हात घातला. सम शाखा त्याने पूर्ण केली. प्रत्येक सम परिपूर्ण संख्या युक्लिडच्याच साच्यातली असते, हे त्याने सिद्ध केलं. युक्लिडने उघडी ठेवलेली अर्धी बाजू सुमारे दोन हजार वर्षांनी बंद झाली. ती सिद्धता छापली गेली १८४९ साली, ऑयलरच्या मृत्यूनंतर सहासष्ट वर्षांनी. विषम शाखेत त्याला एवढंच दाखवता आलं की अशी संख्या असलीच, तर ती एका मूळ संख्येचा घात गुणिले एक पूर्ण वर्ग अशीच असेल, आणि त्या मूळ संख्येला व तिच्या घातांकाला ४ ने भागल्यावर बाकी १ च उरेल. १७७२ च्या सुमारास, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, त्याने २ च्या ३१ व्या घातातून १ वजा करून येणारी २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मूळ असल्याचंही दाखवलं. त्यातून आठवी परिपूर्ण संख्या मिळाली. १८११ साली पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लिहिलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही. या संख्या केवळ कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, तेव्हा इतका खटाटोप कोण करील?

तो खटाटोप अनेकांनी केला, आणि त्यांतले कितीतरी जण पोटापाण्यासाठी दुसरंच काही करत होते. १८७६ साली एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने अवयव न शोधताच मूळपणा ओळखण्याची एक कसोटी काढली आणि तिच्या जोरावर १२७ हा घातांक पक्का केला. डेरिक लेमरने १९३० साली तिला सोपं रूप दिलं. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करून २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा, आणि हे घातांकापेक्षा दोनने कमी वेळा करा. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ. ३१ साठी घातांक ५, म्हणून तीन पायऱ्या: ४ वरून १४, १४ वरून १९४ म्हणजे बाकी ८, ८ वरून ६२ म्हणजे बाकी शून्य. ३१ मूळ आहे. रशियातल्या पेर्वुशिन नावाच्या एका पाद्र्याने १८८३ साली ६१ हा घातांक सिद्ध केला. अमेरिकेत डेन्व्हरच्या पॉवर्स या हौशी गणितप्रेमीने १९११ मध्ये ८९ आणि १९१४ मध्ये १०७ शोधला. मर्सेनच्या यादीतल्या तीन उणिवा अशा भरल्या गेल्या.

६७ चा निकाल ल्युकाने लावला होता. ती संख्या मूळ नाही हे त्याच्या कसोटीने ठरलं, पण अवयव कुणाला माहीत नव्हते. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक कोल यांनी ते मांडले. एरिक टेंपल बेल यांनी सांगितलेल्या हकिकतीनुसार कोल एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी फळ्यावर २ च्या ६७ व्या घातातून १ वजा करून दाखवला, मग १९,३७,०७,७२१ आणि ७६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार केला. दोन्ही उत्तरं एकच आली आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. किती वेळ लागला, असं विचारल्यावर तीन वर्षांचे रविवार, असं त्यांनी सांगितलं म्हणतात.

पुढची शाखा संगणकाची. १९५२ साली राफेल रॉबिन्सन यांनी लॉस एंजेलिसच्या स्वॅक या यंत्रावर एका वर्षात अशा पाच नव्या मूळ संख्या शोधल्या. १९७८ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरा निकेल आणि कर्ट नॉल या अठरा वर्षांच्या दोघांनी २१७०१ हा घातांक सिद्ध केला. १९९६ पासून जॉर्ज वोल्टमन यांनी सुरू केलेल्या ‘गिम्प्स’ या उपक्रमात हजारो लोक आपल्या संगणकाचा रिकामा वेळ या शोधाला देतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांनी याच उपक्रमात १३,६२,७९,८४१ हा घातांक शोधला. त्याने दिलेली परिपूर्ण संख्या माहीत असलेल्यांपैकी बावन्नावी. ती लिहायला आठ कोटींहून जास्त अंक लागतात. अर्थात तीही समच.

या वंशावळीचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. डहाणूला जन्मलेले आणि देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हौशी गणितज्ञांच्या याच परंपरेतले. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ पुन्हा २९७. अशा संख्यांना जगभर कापरेकर संख्या म्हणतात. २००० साली डग्लस इयानुची यांनी दाखवलं की द्विमान पद्धतीत पाहिलं तर प्रत्येक सम परिपूर्ण संख्या कापरेकर संख्या असते. २८ चा वर्ग ७८४ द्विमानात ११०००१०००० असा लिहितात. त्याचे ११०० आणि ०१०००० असे दोन तुकडे करा. ते म्हणजे १२ आणि १६. बेरीज २८. युक्लिडच्या संख्या आणि देवळालीच्या मास्तरांच्या संख्या एकाच घराण्यातल्या निघाव्यात, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

आणि विषम संख्या? १८८८ साली जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर यांनी दाखवलं की अशी संख्या असलीच तर तिला निदान पाच वेगवेगळे मूळ अवयव लागतील. तिला १०५ ने भाग जाणार नाही, हेही त्यांनीच दाखवलं, आणि ते तुम्हीही दाखवू शकता. १०५ म्हणजे ३ गुणिले ५ गुणिले ७. ऑयलरच्या साच्यानुसार ३ आणि ७ यांना ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते, म्हणून ते वर्गाच्या भागातच येतील, निदान दोनदा. म्हणजे त्या संख्येला ९ गुणिले ५ गुणिले ४९, म्हणजेच २२०५ ने भाग जायला हवा. पण २२०५ च्या स्वतःखेरीज विभाजकांची बेरीज २२४१ भरते, आणि विपुल संख्येची कुठलीही पट विपुलच असते. ती परिपूर्ण होऊच शकत नाही. अशा एकेका अटीने जाळं घट्ट होत गेलं. २०१२ साली पास्काल ओशँ आणि मिकाएल राव यांनी दाखवलं की विषम परिपूर्ण संख्या असेल तर ती १० च्या १५०० व्या घाताहून मोठी असेल. नील्सन यांनी २०१५ मध्ये वेगवेगळ्या मूळ अवयवांची किमान संख्या दहावर नेली. इतक्या अटी एकाच वेळी पाळणारी संख्या सापडणं चमत्कारासारखं ठरेल, हे मत सिल्व्हेस्टर यांनी तेव्हाच दिलं होतं.

मग ती नाहीच, असं जाहीर का करू नये? कारण याच घराण्याचा इतिहास. निकोमाकसपुढे चार उदाहरणं होती, त्याने नियम सांगितला आणि पाचव्याने तो मोडला. आपल्यापुढे पंधराशे शून्यं असतील, पण संख्या त्याच्याही पलीकडे अमर्याद पसरल्या आहेत. त्यांच्या मानाने आपण तपासलेला टापू निकोमाकसच्या टापूइतकाच तोकडा. ‘सापडली नाही’ आणि ‘नाही’ यांच्यामधलं अंतर फक्त सिद्धताच ओलांडू शकते. हे अंतर मान्य करणं मला मानवी बुद्धीच्या सर्वात प्रामाणिक सवयींपैकी एक वाटतं.

म्हणून शिक्षकांना एक आग्रहाची विनंती. विभाजक शिकवून झाले की त्याच तासाला ६ आणि २८ फळ्यावर लिहा, मुलांना ४९६ तपासायला द्या आणि मग विषम संख्येचा प्रश्न विचारा. हे अजून कुणालाच माहीत नाही, असंही स्पष्ट सांगा. गणित पूर्ण होऊन पुस्तकात बंद झालेलं आहे, असं मानून किती मुलं त्याच्यापासून दूर जातात. वकील, पाद्री, शाळामास्तर आणि अठरा वर्षांची मुलं ज्या कामात हात घालू शकली, ते काम अजून शिल्लक आहे, हे त्यांना वेळेवर कळायला हवं.